गाळाचा कण आणि क्ष-किरणांचा झोत

समजा, धरमतर खाडीच्या गाळात क्रोमियम सापडले. ते त्रिसंयुजी की विषारी षट्संयुजी? क्ष-किरणांची ऊर्जा ६ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास हळूहळू वाढवत शोषण मोजले, की षट्संयुजीचा टोकदार उंचवटा आलेखात वेगळा दिसतो. पण एकेक कण तपासायचा तर झोत काही मायक्रॉनांचाच हवा. छिद्रातून गाळावा, तर बहुतेक प्रकाश वाया जातो. साधे भिंग येथे निरुपयोगी. १९४८ मध्ये कर्कपॅट्रिक व बाएझ (गायिका जोन बाएझचे वडील!) यांनी दोन वक्र आरसे काटकोनात, एकामागे एक ठेवले. किरण त्यांना जेमतेम चाटून जातो, म्हणून परावर्तित होऊन एकवटतो. इंदूरच्या इंडस-२ वरील सोळाव्या झोतमार्गात हीच जोडी आहे. आम्हांला विचाराल तर खरी कसोटी पुढेच: नमुना केसाच्या जाडीएवढा सरकला, तरी कण झोताबाहेर!