दिनविशेष : नाशिकच्या आश्रमातला जेकब

१८ एप्रिल १८७४

लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत या दिवशी संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा दफनविधी झाला. शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट हा आफ्रिकी तरुण होता. गुलामांच्या व्यापारातून सुटलेला जेकब शिकला तो नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशन आश्रमात. १ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले. त्यांचे हृदय झाडाखाली पुरताना जेकबने प्रार्थना वाचली, बुंध्यावर त्यांचे नाव कोरले. मग लिव्हिंग्स्टन यांचे सेवक सुसी आणि चुमा यांनी सोबत्यांसह महिनोन्‌महिने पायी चालून शव किनाऱ्याला आणले. चुमा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकलेला.

अ‍ॅबीतल्या शिळेवर मात्र शव आणणाऱ्यांचा उल्लेख फक्त ‘विश्वासू हात’ असा आहे, त्यांच्यापैकी नाव एकाचेही नाही. सुदैवाने जेकबने रोजनिशी लिहिली, त्यामुळे ही कामगिरी ती करणाऱ्याच्याच शब्दांत उरली. महाराष्ट्रातल्या आफ्रिकींचा इतिहास म्हटला की आपण मलिक अंबर आणि जंजिऱ्याच्या सिद्दींपाशी थांबतो. जेकब आणि चुमाही त्याच इतिहासातले. अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या शाळांच्या सहली नाशिकला जातात. पंचवटी दाखवताना मुलांना जेकब आणि चुमाही सांगावेत, नावांनिशी.