आळी आणि अ‍ॅली



इंग्रज अरुंद रस्त्याला ‘अ‍ॅली’ म्हणतो, आपण ‘आळी’ म्हणतो. हे साम्य पाहून एक शब्द दुसऱ्यावरून आला असे म्हणण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. पण शब्दांची सोयरीक तोंडावळ्यावरून ठरत नाही. कूळ पाहावे लागते.

‘अ‍ॅली’चे कूळ फ्रेंच. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे तीन-चार शतके फ्रेंच शब्दांची रीघ इंग्रजीत लागली. त्यांतलाच हा एक. ‘जाणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो निघाला. ‘लेन’ मात्र त्याहून जुना, अस्सल इंग्रजी शब्द.

आता आपली आळी. संस्कृतात ‘आलि’ म्हणजे ओळ. अमरकोशात वीथी, आलि, आवली, पंक्ती, श्रेणी हे शब्द एकाच रांगेत बसविले आहेत. दोन स्वरांमधला ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो. फलाचे फळ झाले, कालाचा काळ झाला, तशीच आलीची आळी झाली. तेव्हा हे साम्य निव्वळ योगायोगाचे.

पण खरा भेद अर्थात आहे. अ‍ॅलीत चालणारे पाय आहेत, आळीत नांदणारी घरे आहेत. पुण्याची तांबट आळी, बुरूड आळी ही नावे रस्ता कोठे जातो ते सांगत नाहीत. तेथे कोण राहत होते ते सांगतात. लोकमान्यांचा जन्म १८५६ साली रत्नागिरीत झाला. ती जागा आज टिळक आळी म्हणूनच ओळखली जाते.

शहराला लागूनच असलेल्या मिरजोळ्याकडे वळलो की शब्द बदलतात, कारण जमीन बदलते. कोकणातल्या गावात घरे ओळीने नसतात, वाडीवाडीने विखुरलेली असतात. तेथे दोन गडग्यांमधून जाते ती पाणंद, आणि चढावर जांभ्या दगडाच्या पायऱ्यांनी बांधलेली ती पाखाडी. एका शब्दात कुंपण आहे, दुसऱ्यात डोंगर आहे.

आज पाखाडीवर सिमेंट पडते, आणि पाटीवर ‘लेन’ किंवा ‘रोड’ लिहिले जाते. सिमेंटाला माझी हरकत नाही. म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरू नये हे बरेच. परक्या शब्दाचाही मला राग नाही. पण पाटी रंगविताना जुने नाव तेवढे राहू द्यावे. गावाचा इतिहास लिहिणारा दुसरा कोणी नसतो, तेव्हा ते काम वाटेच्या नावानेच केलेले असते.