ताऱ्यांचे भाकीत

अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये शाळकरी खेळाडूंना दोन ते पाच तारे देण्याची प्रथा इंटरनेटच्या प्रसाराबरोबर रूढ झाली. हे तारे यशाचे भाकीत करतात काय?

संघापुरते उत्तर बव्हंशी होकारार्थी आहे. निक सेबन यांच्या अलाबामाने भरतीच्या क्रमवारीत अनेक वर्षे अग्रस्थान राखले आणि २००९ ते २०२० या हंगामांत सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. मात्र टेक्सासने नामांकितांची रीघ असूनही २०१० मध्ये बारांपैकी सात सामने गमावले. उलट, क्रमवारीत मागे असणाऱ्या बॉइसी स्टेटने १ जानेवारी २००७ रोजी ओक्लाहोमाला ४३-४२ असे हरवले.

व्यक्तीच्या बाबतीत क्रमवारी अधिकच अडखळते. दोन ताऱ्यांचा जे. जे. वॉट सेंट्रल मिशिगन सोडून विस्कॉन्सिनमध्ये शिष्यवृत्तीविना दाखल झाला. पुढे व्यावसायिक एनएफएलमध्ये तो तीनदा वर्षातील सर्वोत्तम बचावपटू ठरला.

२०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाईची मुभा मिळाली आणि ताऱ्यांना बाजारभावही आला. म्हणूनच समूहाबद्दल बहुधा खरे ठरणारे अनुमान सतरा वर्षांच्या एका मुलावर निकालासारखे लादणे आम्हांस अन्यायाचे वाटते. साहित्यातील मानांकनांकडे पाहतानाही आपण हा भेद विसरू नये.