पहिला गेमिंग संगणक : पैसा कुठे घालावा, कुठे राखावा

बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत संगणकाचा विषय निघतो. पालकांना तो अभ्यासासाठी हवा असतो, मुलांना गेमसाठी. आणि गेमिंग लॅपटॉपची किंमत ऐकली की दोन्ही पक्ष गप्प होतात. सुटे भाग आणून घरीच जोडलेला संगणक हा अशा वेळी मधला मार्ग ठरतो. जोडणी फारशी कठीण नसते. एक स्क्रूड्रायव्हर आणि मोकळी दुपार पुरते. कठीण असते ती निवड. साठ-सत्तर हजारांच्या अंदाजपत्रकात एक भाग चुकला, तर बाकीच्या भागांवर घातलेला पैसाही वाया जाऊ शकतो.

प्रारंभी शब्दांचा एक घोळ निस्तरायला हवा. आपल्याकडे टेबलाखालच्या अख्ख्या पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणण्याची रीत आहे. वास्तविक ती पेटी म्हणजे कॅबिनेट; सीपीयू म्हणजे आतला, काड्यापेटीहूनही लहान प्रोसेसर. दुकानदाराशी बोलताना हा भेद पाळला नाही, तर मिळणारा दर भलत्याच वस्तूचा असतो.

निवडीची सुरुवात बहुतेक जण प्रोसेसरपासून करतात. ती मॉनिटरपासून करणे अधिक शहाणपणाचे. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, २५६० बाय १४४० च्या पडद्यावर सुमारे ३६.९ लाख. म्हणजे मोठ्या पडद्यावर प्रत्येक चित्र रेखाटताना ग्राफिक कार्डाला जवळजवळ पावणेदोन पट काम पडते. पहिल्या संगणकाला १०८० चा पडदा पुष्कळ झाला; जमल्यास १४४ हर्ट्झचा किंवा त्याहून वेगवान घ्यावा. पडदा ठरला की कार्ड ठरवणे सोपे होते.

मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस बाजूला ठेवून उरलेल्या रकमेतील ३५ ते ४० टक्के वाटा एकट्या ग्राफिक कार्डाला द्यावा. गेमचा अनुभव सर्वाधिक त्यावरच अवलंबून असतो. कार्डाची स्वतःची स्मृती आज किमान ८ जीबी हवी, पण केवळ जीबीचा आकडा पाहून भुलू नये. २०१४ साली आलेले ‘जीटी ७३०’ हे कार्ड ४ जीबीच्या रूपातही विकले जाते. त्यावर व्हिडिओ उत्तम दिसेल, आजचा मोठा गेम मात्र धापा टाकेल. १०८० च्या पडद्यासाठी ‘आरएक्स ६६००’ आणि ‘आरटीएक्स ४०६०’ ही ८ जीबीची कार्डे समाधानकारक चालतात. त्यांची वीजभूकही बेताची आहे : पहिल्याची १३२ वॅट, दुसऱ्याची ११५ वॅट. वापरलेले कार्ड स्वस्त पडते, पण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ते ‘खणण्यासाठी’ दिवसरात्र राबवलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली, हे ध्यानात असू द्यावे. मूळ बिल पाहावे, शिल्लक हमी तपासावी आणि समोर अर्धा तास गेम चालवून दाखवायला सांगावे. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर निघून यावे.

प्रोसेसरसाठी सहा गाभे आणि बारा थ्रेड पुरेसे आहेत. २०२२ चा ‘रायझन ५ ५६००’ अजूनही कामाचा आहे. तो एएम४ सॉकेटच्या बोर्डावर बसतो आणि त्याला डीडीआर४ रॅम चालते. एएम५ हा नवा सॉकेट, पण त्याला डीडीआर५ च लागते, आणि २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव भडकल्याने तो मार्ग महागला आहे. तीन-चार वर्षांनी केवळ प्रोसेसर बदलण्याचा विचार असेल तर एएम५ योग्य. आजचा रुपया वाचवायचा असेल तर एएम४. हात फारच आखडता असेल, तर ‘५६००जी’ घेऊन कार्डाविना सुरुवात करता येते, कारण त्याच्या पोटातच चित्र दाखवण्याची सोय आहे. साध्या ५६०० मध्ये ती नाही. बी४५० सारखा जुना बोर्ड घेताना त्याचे बायोस अद्ययावत आहे का, हे दुकानातच विचारावे. नसल्यास नवा प्रोसेसर बसूनही यंत्र सुरू होत नाही.

रॅम १६ जीबी, तीही ८ च्या दोन पट्ट्यांत, म्हणजे दोन्ही वाहिन्या वापरल्या जातात. एसएसडी शक्यतो १ टीबीची. काही गेम एकटेच १०० जीबीहून अधिक जागा अडवतात. कॅबिनेट पुढून जाळीचे असावे. रंगीत दिव्यांना पैसे देऊ नयेत.

आता ज्या भागाकडे कोणाचेच लक्ष नसते तो एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याची पेटी. स्वस्त कॅबिनेटसोबत ती ‘फुकट’ मिळते. आमच्या घरच्या पहिल्या संगणकात अशीच एक होती. ऑक्टोबरातल्या एका गडगडाटी संध्याकाळी ती गेली, आणि जाताना मदरबोर्डलाही घेऊन गेली. वाचवले होते दीड हजार. भरले त्याच्या चौपट. पेटीवर ‘४५० वॅट’ असे ठळक छापलेले असले तरी लेबलावरची १२ व्होल्टची ओळ वाचावी, कारण कार्ड आणि प्रोसेसर मुख्यतः तिच्यावरच चालतात. तिथे १६ अँपिअर लिहिले असतील तर गुणाकार होतो १९२ वॅट. चांगल्या ५५० वॅटच्या पेटीवर हाच आकडा ४५ च्या आसपास असतो. वर सांगितलेला संगणक ऐन भरात सुमारे २५० वॅट ओढतो आणि कार्डाची मागणी क्षणभर त्याहूनही उसळते. म्हणून ५५० वॅट घ्यावी. ‘८० प्लस ब्राँझ’ हे चिन्ह कार्यक्षमतेचे आहे, टिकाऊपणाचे नव्हे. तेव्हा पाच वर्षांची हमी देणारी पेटी निवडावी.

गोव्यात ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. पावसाळ्यात वीज दिवसातून अनेकदा डोळा मारते, किनाऱ्यालगत खारी हवा स्क्रूसुद्धा गंजवते. अर्थिंग तपासून घ्यावे. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपासच पेलतो. मॉनिटरसह गेम चालू असता तो काठावर असतो, म्हणून १००० व्हीएचा पाहावा. गडगडाट सुरू झाला की प्लग काढणे हा मात्र सर्वांत स्वस्त उपाय. पावसाळ्यात संगणक आठवडेच्या आठवडे बंदही ठेवू नये. चालू यंत्राच्या उबेने ओलावा हटतो.

खरेदीसाठी पणजी, म्हापसा, मडगावच्या दुकानांत दर काढावेत आणि ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग) किंवा बेंगळुरूच्या एस. पी. रोडच्या दरांशी ताडून पाहावेत. दर हजार-बाराशेने अधिक असला तरी कार्ड आणि एसएमपीएस जवळच्या दुकानातून घेणे परवडते. बिघाड झाला तर पार्सल बांधून परगावी धाडावे लागत नाही. बिल पक्के, अनुक्रमांकासह घ्यावे. विंडोजच्या परवान्याची रक्कमही हिशेबात धरावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि विंडोज ११ वर ‘व्हॅलोरंट’ खेळायचा तर बायोसमध्ये टीपीएम आणि सिक्युअर बूट सुरू असावे लागते.

जोडणी झाल्यावर पडदा काळाच राहिला तर घाबरू नये. बहुधा मॉनिटरची केबल सवयीने मदरबोर्डला लावलेली असते. ती ग्राफिक कार्डाला लावावी. चित्र आले की बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी सुरू करावे. नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर मुकाट चालत राहते, आणि वर्ष उलटले तरी कोणाला त्याचा पत्ता लागत नाही.