आवाज आहे, पण कुणाचा?

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या मित्रमैत्रिणींनो, मी विज्ञानाचा विद्यार्थी. प्रयोगशाळेत लेबल नसलेली परीक्षानळी आपण सरळ टाकून देतो. पण लेबल नसलेल्या आवाजाचं काय करायचं?

अमेरिकेत बॅन्जो, फिडल, मॅन्डोलिनवर वाजणारं 'ब्लूग्रास' नावाचं संगीत आहे. बिल मन्रो यांच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या बँडवरून हे नाव रुळलं. १९३९ मध्ये हा बँड 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमात आला. मन्रो ज्यांना मानायचे, त्यांत आर्नोल्ड शुल्ट्झ हे कृष्णवर्णीय वादक होते. १९३१ मध्ये ते वारले. त्यांचं एकही ध्वनिमुद्रण नाही. नाव उरलं, वादन गेलं.

आता आपल्याकडे या. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि त्याच्यासोबत ओव्याही. पुण्यात राहून काम करणारे गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांच्यामुळे त्यांचा डेटाबेस झाला, शंभरावर तासांचं ध्वनिमुद्रण झालं. २०१७ पासून 'पारी' हे संकेतस्थळ ते लोकांसमोर आणतंय.

या संग्रहाची खरी ताकद मला आकड्यात दिसत नाही. ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव लिहिलंय, त्यात दिसते. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या राधाबाई बोऱ्हाडे यांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आज त्यांच्याच नावाने ऐकता येतात. नाव-गाव होतं, म्हणून 'पारी'ची मंडळी वीसेक वर्षांनीही जुन्या गायिकांना शोधत जाऊ शकली.

आता माझी चूक सांगतो. हिंगोली जिल्ह्यात, औंढा तालुक्यातल्या आमच्या गावी मी आजीच्या ओव्या मोबाईलवर घेतल्या. फाईलचं नाव काय, तर 'रेकॉर्डिंग ३'. त्यात आजीच्या मागे ओवी धरणारी आणखी एक बाई आहे. आवाज आजीपेक्षा सुरेल. तेव्हा वाटलं, नाव काय, नंतर विचारू. आजी गेली. घरात ज्याला त्याला ऐकवलं, कुणालाच तो आवाज ओळखू येईना. शुल्ट्झ यांचं नाव उरलं. या बाईचं तेही मी उरू दिलं नाही.

म्हणून एक सवय लावून घ्या. बटण दाबलं की पहिलं वाक्य तुमचं: तारीख, गाव, कोण गातंय, त्यांनी परवानगी दिली का. फार तर अर्धा मिनिट जाईल. नंतर विचारू म्हणाल, तर विचारायला कुणी असेलच असं नाही.