तीन रमा आणि आपण प्रेक्षक

आजच्या भागात लढाई नाही आणि तहाची कलमंही नाहीत. आज बोलायचंय जोड्यांबद्दल. ऐतिहासिक मालिका सुरू झाली की आपल्याकडे चर्चा सगळ्यात जास्त कशावर रंगते? तोफा किती होत्या यावर नाही. त्याचं तिच्यावर खरंच प्रेम होतं का, सासू इतकी वाईट का वागली, त्याने तिची बाजू का घेतली नाही, यावर. आणि यात हसण्यासारखं काही नाही. माणसं समजून घ्यायचीच ती धडपड असते.

मराठी टीव्हीवर गंमत म्हणजे अशा तीन मोठ्या जोड्यांमधल्या बायकोचं नाव एकच आहे. रमा. पहिली 'स्वामी'तली, माधवराव पेशव्यांची. दुसरी 'उंच माझा झोका'मधली, न्यायमूर्ती रानड्यांची. आणि तिसरी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' या मालिकेतली, म्हणजे रमाई. तिघींवर भरपूर वाद झालेत, अजून होतात. माझा आजचा प्रश्न साधा आहे. आपण वाद घालतो तो कशाच्या जोरावर? या तिघींचं स्वतःचं म्हणणं आपल्यापर्यंत किती पोचलंय?

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. सिस्टीम पडली की आम्ही पहिल्यांदा लॉग उघडतो, आणि त्यातही आधी बघतो की ही नोंद केली कोणी. इथेही तेच करू.

पहिली रमा. माधवराव १७६१ साली, पानिपतानंतर, सोळाव्या वर्षी पेशवे झाले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने गेले, तेव्हा वय सत्तावीस. रमाबाई सती गेल्या. इतिहासात पक्कं हाताला लागतं ते साधारण एवढं. पण आपल्या डोळ्यांसमोर जी रमा आहे, ती यापेक्षा कितीतरी मोठी आहे. ती रुसते, वाट बघते, नवऱ्याच्या दुखण्याने आतून खचत जाते. ही रमा रणजित देसाईंनी १९६२ साली कादंबरीत उभी केली आणि पुढे दूरदर्शनने ती घराघरात नेली. दिग्दर्शक गजानन जागीरदार, माधवराव रवींद्र मंकणी आणि रमा मृणाल देव, म्हणजेच मृणाल कुलकर्णी. त्यांनीच पुढे २०१४ मध्ये 'रमा माधव' हा चित्रपट दिग्दर्शित केला आणि त्यात गोपिकाबाईंची भूमिका केली. त्या काळच्या प्रेक्षकाला ती रमा सख्खी वाटायची.

मग प्रश्न येतो, माधवरावांनी राज्यापायी रमेकडे दुर्लक्ष केलं का? प्रामाणिक उत्तर असं की आपण इथे बोलतोय ते देसाईंच्या माधवरावांबद्दल. रमाबाईंनी आपल्या संसाराच्या आठवणी लिहून ठेवलेल्या नाहीत. त्यांचा शेवटचा निर्णय तर सगळ्यात मोठा, आणि तिथेही त्यांच्या मनात काय चाललं होतं हे आपल्याला दुसऱ्यांनीच सांगितलंय. प्रेम होतं म्हणून सती गेली, असं आपण किती सहज म्हणून टाकतो. त्या वाक्याखाली तिची सही नाही, एवढं लक्षात ठेवू.

आता दुसरी रमा, आणि इथे चित्र एकदम पालटतं. 'उंच माझा झोका' झी मराठीवर २०१२-१३ मध्ये चालली. लहानपणीची रमा तेजश्री वालावलकर, मोठेपणीची स्पृहा जोशी, महादेवराव विक्रम गायकवाड. गिरगाव-दादरच्या घरांमध्ये रात्रीचं जेवण त्या वेळेच्या आधी उरकलं जायचं, असं सांगणारी माणसं तुम्हाला अजून भेटतील.

आणि त्या मालिकेवरचा सगळ्यात तिखट प्रश्न हा, की रानडे एवढे मोठे सुधारक, मग अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न कसं केलं? १८७३ साली त्यांची पहिली पत्नी सखूबाई गेली. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे. विधवाविवाहाच्या चळवळीत ते पुढे होते, त्यामुळे हा आता एखाद्या विधवेशी लग्न करणार ही वडिलांना धास्ती. त्यांनी घाईने मुलगी ठरवली आणि रानड्यांनी वडिलांपुढे मान तुकवली. घरात तरुणपणी विधवा झालेली सख्खी बहीण होती, हेही विसरू नका. व्यासपीठावर एक आणि घरात एक, हा आरोप त्यांच्यावर तेव्हाही झाला. मालिकेच्या प्रेक्षकांनी तो नव्याने शोधून काढलेला नाही.

पण या वादात आपल्याकडे एक साक्षीदार आहे, ती खुद्द रमा. रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी गेले आणि १९१० मध्ये रमाबाईंचं पुस्तक आलं, 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची. शीर्षकातला पहिला शब्द बघा. 'माझ्या' नाही, 'आमच्या'. बाईने 'मी' म्हणून पुस्तक लिहिणं सोपं नव्हतं. नवऱ्याच्या आठवणी सांगते म्हणून तिने सुरुवात केली आणि त्या आडून स्वतःची गोष्टही सांगून टाकली.

त्या पुस्तकात लग्नानंतर रानडे त्या मुलीला लिहिता-वाचता येतं का विचारतात आणि लगेच धडे सुरू होतात. पुढे इंग्रजी येतं. नाशिक, धुळे, मुंबई अशा बदल्या होतात. पुण्यात मुलींच्या हायस्कूलच्या मागणीसाठी रमाबाई गव्हर्नरांपुढे इंग्रजीत निवेदन वाचतात आणि घरी आल्यावर त्याबद्दल टोमणे खातात.

या टोमणे मारणाऱ्या बायकांना मालिकेत आपण खलनायिका केलं, कारण रोजच्या एपिसोडला कोणीतरी वाईट लागतंच. पण विचार करा, त्या घरात किती विधवा होत्या, त्यांचं आयुष्य कशाच्या आधारावर चाललं होतं? सोवळं, स्वयंपाकघर, वडीलधारेपणाचा मान. कालची पोर पुस्तक हातात घेऊन माडीवर जाते, म्हणजे त्यांच्या हातात असलेलं तेवढंही जातं. आणि ज्या शिक्षणाने रमेची सुटका होत होती, ते त्यांना कोणी देऊ केलं होतं का? त्यांनी पुस्तक लिहिलं नाही, त्यामुळे त्यांची बाजू आपल्याकडे नाही. हा पुरावा एका बाजूचाच आहे.

रानड्यांबद्दलही तसंच. या घरच्या छळात ते रमेला सांगतात की सहन कर, उलट उत्तर देऊ नकोस. काही प्रेक्षकांना हा संयम वाटतो, काहींना पळपुटेपणा. पंचहौद मिशनचं चहा प्रकरण आठवतंय ना? १८९० साली पुण्यात मिशनमध्ये बरीच मोठी मंडळी गेली, चहा आला, आणि गोपाळराव जोशींनी त्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. हे गोपाळराव म्हणजे 'आनंदी गोपाळ'मधले, आनंदीबाईंचे यजमान. म्हणजे एका गोष्टीचा नायक दुसऱ्या गोष्टीत भांडण लावून मोकळा. यात शेवटी रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. रमाबाईंनी हा प्रसंग पुस्तकातून गाळलेला नाही. नवऱ्याला देव मानणारी बाई त्याची ही बाजूही नोंदवून ठेवते, म्हणून मला तिच्या साक्षीवर विश्वास ठेवावासा वाटतो.

तरी एक शंका उरतेच. अकराव्या वर्षी लग्न झालेली आणि ज्याने शिकवलं त्याच्याबद्दलच लिहिणारी बाई, तिला तक्रार करायला कितीशी जागा होती?

याच शंकेपायी गिरगावातल्या दुसऱ्या एका मुलीची गोष्ट सांगतो. रखमाबाई राऊत. तिचंही लग्न अकराव्या वर्षी झालं. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन, मुंबईतले नामांकित डॉक्टर आणि वनस्पतींचे अभ्यासक. मोठी झाल्यावर रखमाबाईंनी सांगितलं, मी नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही. १८८४ मध्ये नवऱ्याने दावा लावला. १८८७ मध्ये हायकोर्टाचा हुकूम आला की नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाते. पुढच्या वर्षी तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. काळ तोच, लग्नाचं वयही तेच. एकीला शिकवणारा नवरा मिळाला आणि दुसरीला कोर्टात खेचणारा. रमाबाईंचं आयुष्य उजळलं ते नवरा रानडे होते म्हणून, हे खरंच आहे. पण बालविवाह ठीकच होता हे त्यावरून सिद्ध होत नाही, कारण ते सगळं नशिबावर सोडलेलं होतं. रखमाबाईंची केस शेजारी ठेवली की हे लख्ख दिसतं. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, तोही वयाची मर्यादा दहावरून बारावर आणणारा. एवढ्यावरसुद्धा केवढं रान उठलं होतं!

आणि रानडे गेल्यानंतर काय? जोडी बघायला बसलेल्या प्रेक्षकाला गोष्ट तिथे संपल्यासारखी वाटते. रमाबाई मात्र त्यानंतर तेवीस वर्षं जगल्या. १९०४ मध्ये मुंबईत भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी मुंबईत सेवासदन सुरू केलं, त्याच्या पहिल्या अध्यक्षा त्याच. पुढच्या वर्षी पुण्याचं सेवासदन उभं राहिलं, तिथे बायका शिकून नर्स आणि शिक्षिका झाल्या. मुंबईचं सेवासदन आजही गावदेवीला आहे. रस्त्याचं नाव पंडिता रमाबाई मार्ग, म्हणजे आणखी एक रमाबाई! प्रार्थना समाजाच्या सिग्नलपासून चालत जाण्यासारखं अंतर आहे, एकदा बघून या.

आता तिसरी रमा, त्यासाठी परळला जाऊ. रानड्यांची आणि या घराची एक गाठ आहे बरं का. १८ जानेवारी १९४३ रोजी, रानड्यांच्या जन्मदिनी, पुण्यात त्यांच्यावरचं गाजलेलं भाषण बाबासाहेबांनी केलं होतं.

स्टार प्रवाहवरच्या मालिकेत सागर देशमुख बाबासाहेब होते आणि शिवानी रांगोळे रमाई. रमाई मूळच्या दापोलीजवळच्या वणंदच्या. आईवडील लवकर गेले, म्हणून मुंबईला नातेवाइकांकडे आल्या. भायखळ्याच्या बाजारात रात्री, दुकानं उठल्यावर लग्न लागलं, तेव्हा त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. नंतर संसार परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, दोन खोल्यांत. बाबासाहेब १९१३ ते १७ अमेरिकेत आणि लंडनला, पुन्हा १९२० ते २३ लंडनला. पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली, यशवंत तेवढे राहिले. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह झालं, आणि तिथेच २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. वय चाळिशीच्याही आत.

त्यांनी आत्मचरित्र लिहिलं नाही. मग आपल्याला त्या कशा माहीत आहेत? एक म्हणजे बाबासाहेबांच्या शब्दांतून. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हे पुस्तक त्यांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केलंय आणि त्यात तिच्या मनाचा मोठेपणा आणि हलाखीत तिने दाखवलेली सोशिकता नोंदवलीय. दुसरं म्हणजे लोकांच्या आठवणींतून. गोवऱ्या थापून संसार चालवणारी रमाई परळ-नायगावच्या चाळींतून, भीमगीतांतून आपल्यापर्यंत आली. ते प्रेम खरं आहे, आणि एका समाजाने आपल्या आईला दिलेली ती जागा आहे. पण त्यागाची मूर्ती करताना एक गोष्ट सुटते. त्या चाळीत चार मुलं गमावलेल्या बाईला राग आला असेल का? कधी एकटीने नवऱ्याशी मनात भांडली असेल का? मालिकेतले भांडणाचे दोन-चार प्रसंग काही प्रेक्षकांना खटकतात. मला उलट तेच जवळचे वाटतात.

तर मंडळी, हिशोब असा आहे. एका रमेचं मन कादंबरीकाराने लिहिलं, एकीने स्वतः लिहिलं, पण 'आमच्या' म्हणत, आणि एकीचं नवऱ्याने आणि समाजाने जपलं. पुढच्या वेळी कुठल्याही जोडीवर वाद घालाल, तो जरूर घाला, फक्त आधी विचारा की हे कोणी सांगितलंय, आणि ज्याने सांगितलं नाही त्याचं काय.

आणि जाता जाता एक काम देतो. घरात आजी असेल, आत्या असेल, तर या रविवारी तिच्याजवळ बसा, फोनवर रेकॉर्डर लावा आणि तिला बोलू द्या. आजोबांबद्दल नाही, तिच्याबद्दल विचारा. ती सुरुवात बहुतेक आजोबांपासूनच करेल. थांबवू नका, ऐकत राहा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.