तळटीप : शनीच्या कड्यांभोवतीचे वातावरण

* ‘कड्यांना स्वतःचे वातावरण’ : छोट्या दुर्बिणीतूनही दिसणारी शनीची कडी म्हणजे मुख्यतः पाण्याच्या बर्फाचे असंख्य तुकडे. सूर्याचे अतिनील किरण या बर्फावर पडले की पाण्याचे रेणू फुटतात. हलका हायड्रोजन निसटतो. ऑक्सिजन मात्र तिथल्या थंडीतही गोठत नाही, म्हणून कड्यांभोवती विरळ थर करून राहतो. त्यातील काही रेणूंचे इलेक्ट्रॉन सूर्यप्रकाशामुळेच सुटतात आणि विद्युतभारित आयन तयार होतात. 1 जुलै 2004 रोजी कॅसिनी यान शनीच्या कक्षेत शिरताना कड्यांवरून गेले, तेव्हा त्याच्या उपकरणांनी हे ऑक्सिजनचे आयन टिपले. शनीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या वेगवान कणांना या घडामोडीत फारसा वाव नाही, कारण कडीच ते शोषून घेतात. 1979 मध्ये पायोनियर 11 यान मुख्य कड्यांच्या बाहेरील कडेशी पोहोचताच अशा कणांची संख्या एकदम घटल्याचे दिसले होते. हे वातावरण इतके विरळ आहे की पृथ्वीवरच्या मापाने त्याला निर्वातच म्हणावे लागेल. वाचकांनी मूळ वाक्यातील ‘वातावरण’ याच अर्थाने घ्यावे. — संपादक